भिंतीचें प्रत्युत्तर

नैयायिकाची आणि तुपाची गोष्ट आपल्यापैकीं बहुतेकांनीं लहानपणीं ऐकलेली असेल. तूप घेऊन घराकडे निघालेल्या त्या पंडिताच्या मनांत शंका आली कीं, पात्र हा तुपाचा आधार, कीं तूप हा पात्राचा आधार? वादानें निर्णय होईना, तेव्हां प्रत्यक्ष प्रमाणाचा अवलंब करावा म्हणून त्यानें पात्र उपडें केलें, आणि उत्तर मातींत मिळालें. ही गोष्ट सांगून मीं अनेक वर्षें वर्गांतील मुलांना हंसविलें. शेवटीं मी म्हणत असें, "मुलांनो, पात्राचें काम धरून ठेवण्याचें. आंत काय चाललें आहे यांत त्यानें पडूं नये." आज हें वाक्य मला परत घ्यावयाचें आहे, आणि ज्यांच्यासमोर तें उच्चारलें ते विद्यार्थी चारी दिशांस पांगले असल्यामुळें या सदरावांचून दुसरा मार्ग मला दिसत नाहीं.

गेल्या गुरुपौर्णिमेस माझा एक जुना विद्यार्थी भेटीस आला होता. शाळेंत तो फारसा बोलका नव्हता, पण त्याचे प्रश्न मनांत राहत. माझा विषय संस्कृत. तथापि एका वर्षीं विज्ञानाचे शिक्षक रजेवर गेल्यामुळें ते तास माझ्याकडे आले होते. सूर्यावरील धडा चालू असतां या मुलानें उभें राहून विचारलें, "गुरुजी, असला अग्नि पृथ्वीवर पेटविला तर तो ठेवावयाचा कशांत?" मीं पुस्तकांत पाहून उत्तर दिलें, "चुंबकशक्तीच्या अदृश्य भांड्यांत. बाहेर धातूची भिंत असते खरी, पण ती नुसती उभी असते. आंतल्या अग्नीशीं तिचा कांहीं संबंध नाहीं." सहामाही परीक्षेंत त्यानें या उत्तरास आपल्या पदरचें एक वाक्य जोडलें: भिंतीला आंच लागत असेल, तर भिंतींतूनही कांहींतरी बाहेर निघत असेल. तें वाक्य मीं तांबड्या शाईनें खोडलें आणि अर्धा गुण कापला.

आज तो याच विषयाच्या संशोधनांत आहे. चहा झाल्यावर तो भीतभीत म्हणाला, "गुरुजी, राग मानूं नका. ती भिंत गप्प उभी राहत नाहीं. ती उत्तर देते." मग दोन तास बसून त्यानें मला सर्व समजावून सांगितलें. पुढें महिनाभर मीं तें वाचून ताडून पाहिलें. जेवढें माझ्या पदरांत पडलें तेवढें येथें मांडतों.

प्रथम मूळ गोष्ट. सूर्याच्या पोटांत हलके अणुगर्भ एकमेकांत मिळून जड होतात, आणि त्या संमीलनांत अपार शक्ति मोकळी होते. हेंच काम पृथ्वीवर साधण्यासाठीं ड्यूटेरियम व ट्रिटियम हे हायड्रोजनाचे दोन जड प्रकार सुमारें १५ कोटी अंशांपर्यंत तापवावे लागतात. एवढ्या उष्णतेंत अणु अखंड राहत नाहींत. त्यांतले ऋण विद्युत् असलेले इलेक्ट्रॉन सुटे होतात, आणि धन विद्युत् असलेले आयन वेगळे फिरूं लागतात. सुट्या विद्युत्कणांच्या अशा समुदायास आयर्व्हिंग लँगम्यूर या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९२८ सालीं 'प्लाझ्मा' हें नांव दिलें.

१९५५ सालीं जिनीव्हा येथें अणुशक्तीच्या शांततामय उपयोगांविषयीं आंतरराष्ट्रीय परिषद् भरली. तिचे अध्यक्ष आपल्या मुंबईचे डॉ. होमी भाभा होते. संमीलनाची शक्ति नियंत्रित रीतीनें मोकळी करण्याचा मार्ग दोन दशकांच्या आंत सांपडेल, असें भाकीत त्यांनीं आपल्या अध्यक्षीय भाषणांत केलें होतें. त्यानंतर सात दशकें उलटलीं. प्रगति झाली नाहीं असें नव्हे. इंग्लंडांत कलहॅम येथील 'जेट' या यंत्रानें २०२३ सालीं अवघ्या ०.२ मिलिग्रॅम इंधनापासून पांच सेकंदांत ६९ मेगाज्यूल शक्ति निर्माण केली. म्हणजे सुमारें दीड किलो स्वयंपाकाचा गॅस जाळून मिळते तेवढी. परंतु अग्नि तापविण्यासाठीं जी शक्ति खर्ची पडली ती याहून अधिक होती. एवढे बुद्धिमान लोक एवढीं वर्षें कोठें अडले, याचीं कारणें अनेक आहेत. त्यांपैकीं एक कारण अग्नि आणि भिंत यांच्या मधल्या, केंसाहूनही बारीक अशा एका पदरांत दडलेलें आहे.

चुंबकाचें भांडें पूर्ण बंद नसतें. आंतल्या ज्वलनाची राख म्हणजे हेलियम वायु; तो बाहेर काढावा लागतो, आणि उष्णताही कोठेंतरी उतरवावी लागते. म्हणून कडेचा प्लाझ्मा मुद्दाम वळवून धातूच्या पृष्ठभागावर आणतात. हा भाग मध्यापेक्षां पुष्कळ थंड असतो, तरी त्याचें उष्णतामान लाखों अंशांचें असूं शकतें. म्हणजे भिंतीचा स्पर्श टळत नाहीं. माझी पहिली चूक ती येथेंच.

आतां स्पर्श होतो तेव्हां काय घडतें? मंगलकार्यांत 'पानें मांडलीं' अशी हांक आली कीं मुलें धांवत सुटतात आणि वडीलमंडळी मागून येतात. ड्यूटेरियमाचा आयन इलेक्ट्रॉनाच्या साडेतीन हजारांहून अधिक पट जड असतो. म्हणून हलके इलेक्ट्रॉन आधीं भिंतीवर जाऊन पोहोंचतात आणि भिंत ऋण होते. मग ती मागून येणाऱ्या इलेक्ट्रॉनांना परत लोटूं लागते व आयनांना ओढून घेते. दोघेही सारख्या संख्येनें पोहोंचूं लागले म्हणजे तोल साधतो. भिंतीलगतच्या ज्या पातळ थरांत ही लोटालोट चालते त्यास आपण 'कोश' म्हणूं. यंत्राच्या कडेशीं या कोशाची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागापासून मोजावी लागते. पण त्यांतील विद्युद्दाब मोठा असतो. इलेक्ट्रॉनांची उष्णता व्होल्टांत मोजली, तर तिच्या जवळजवळ तिप्पट. हा दाब बहुतेक इलेक्ट्रॉनांना परतवितो. म्हणजे कोश ही भिंतीची ढाल आणि अग्नीची पांघरूण.

हा कोश म्हणजे घराचा उंबरठा समजावा. संस्कृतांत देहलीदीपन्याय आहे: उंबरठ्यावर ठेवलेला दिवा ओटीवरही उजेड पाडतो आणि माजघरांतही. त्याप्रमाणें या कोशांत जें घडतें त्याचा परिणाम बाहेर भिंतीवर होतो, तसाच आंत प्लाझ्मावरही होतो.

आणि येथें भिंतीचें उत्तर सुरू होतें. वेगानें आलेला इलेक्ट्रॉन धातूवर आदळला कीं तो आंतल्या इलेक्ट्रॉनांना धक्का देऊन त्यांतले कांहीं बाहेर काढतो. कॅरमच्या पटावर स्ट्रायकर सोंगट्यांच्या घोळक्यावर आदळला म्हणजे सोंगट्या उडतात, तसेंच कांहींसें. हा प्रकार ऑस्टिन व श्टार्के यांनीं १९०२ सालींच पाहिला होता. मंद इलेक्ट्रॉन थोडेच काढतात. परंतु सुमारें ६५० व्होल्टांच्या दाबानें ढकललेले १०० इलेक्ट्रॉन गुळगुळीत टंगस्टनावर आदळले, तर सुमारें १४० बाहेर येतात. शंभर घेऊन एकशें चाळीस परत! शिवाय टंगस्टन फार तापलें तर आघातावांचूनही इलेक्ट्रॉन सोडूं लागतें. आपल्या जुन्या विजेच्या दिव्यांतली तार याच धातूची असे.

याचा हिशेब कलहॅम येथील हॉब्स व वेसन या दोघांनीं १९६७ सालीं मांडला. भिंतींतून इलेक्ट्रॉन निघून गेले म्हणजे तिचा ऋणपणा घटतो. ऋणपणा घटला कीं कोशाचा दाब उतरतो. दाब उतरला कीं पूर्वीं परत जाणारे आणखी इलेक्ट्रॉन भिंतीवर येऊं लागतात. हायड्रोजनाच्या प्लाझ्मांत हें प्रमाण शंभरास सुमारें ऐंशीवर गेलें कीं बाहेर पडलेल्या इलेक्ट्रॉनांची भिंतीसमोरच दाटी होते, आणि नव्यानें निघणाऱ्यांना तीच मागें लोटते. तोंपर्यंत कोशाचा तिप्पट दाब एकपटीच्या आसपास येऊन ठेपलेला असतो. ढाल पातळ झाल्यामुळें भिंतीवर येणारी उष्णता कित्येक पटींनीं वाढते, आणि तेवढ्याच मानानें आंतला अग्नि निवतो. भिंत बोलते आणि त्याचें प्रायश्चित्त दोघांनाही भोगावें लागतें.

एवढ्यावर भागतें तर बरें होतें. पण उत्तर देणारी भिंत कोशाला कधीं कधीं अस्थिरही करते. हें समजण्यास जुन्या रेडिओकडे वळूं या. आमच्या वाड्यांतला रेडिओ तापून सुरू व्हावयास अर्धें मिनिट घेई, कारण आंतल्या कांचेच्या नळ्या गरम व्हाव्या लागत. त्या नळ्यांत तापलेल्या तारेंतून इलेक्ट्रॉन निघून एका पत्र्यावर पोहोंचत. कांहीं नळ्यांत एक विपरीत प्रकार आढळे. पत्र्यावरचा दाब वाढविला म्हणजे प्रवाह वाढावा, तो उलट घटे. कारण अधिक वेगानें आलेले इलेक्ट्रॉन पत्र्यांतून अधिक इलेक्ट्रॉन उडवीत आणि ते शेजारच्या जाळीकडे पळून जात. दाब वाढला असतां प्रवाह घटतो अशी स्थिति जेथें असते, तेथें लहानशी हालचाल शमण्याऐवजीं वाढत जाते व विद्युत् आपोआप हेलकावे खाऊं लागते. १९१८ सालीं आल्बर्ट हल यांनीं या दोषाचाच उपयोग करून मुद्दाम हेलकावे निर्माण करणारी 'डायनाट्रॉन' ही नळी प्रसिद्ध केली. आणि १९२६ सालीं फिलिप्स कंपनीचे टेलेगेन यांनीं पत्र्यापुढें आणखी एक जाळी बसवून पळून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांना घरीं परतविलें. पुढें घरोघरींच्या रेडिओंत आलेला पेंटोड तो हाच.

प्लाझ्माच्या कोशांत तीच कथा घडूं शकते. समजा, कांहीं कारणानें कोशाचा दाब किंचित् उतरला. त्यामुळें थोडे जास्त इलेक्ट्रॉन भिंतीवर आले. त्या जास्तीच्या इलेक्ट्रॉनांमागें भिंतींतून एकास एकाहून कमी निघत असतील, तर भिंत पुन्हां ऋण होते आणि तोल सांवरतो. पण एकास एकाहून अधिक निघत असतील, तर भिंतीचा ऋणपणा आणखी घटतो, दाब आणखी उतरतो, आणि घसरगुंडी सुरू होते. अमेरिकेंत प्रिन्स्टन येथील कॅम्पानेल, ख्राब्रोव्ह व कगनोविच यांनीं २०१२ सालीं संगणकावर गणित करून दाखविलें कीं, अशा स्थितींत कोश कोसळूं शकतो, आणि कोसळणें-सांवरणें यांचे हेलकावेही चालूं राहूं शकतात. त्यांच्यासमोर अवकाशयानें ढकलणाऱ्या विद्युत्-यंत्रांतल्यासारखा प्लाझ्मा होता. पण भिंतीजवळचा कायदा संमीलनयंत्रांतही तोच.

भिंतींतून निघालेले इलेक्ट्रॉन पुढें जातात कोठें? कोशाचा दाब त्यांना आंत ढकलतो, आणि ते धारेसारखे प्लाझ्मांत शिरतात. संथ नदींत जोराचा ओढा येऊन मिळाला म्हणजे संगमावर भोंवरे उठतात. तशीच एका वेगाची धार दुसऱ्या वेगाच्या समुदायांत शिरली म्हणजे विद्युत्-लहरी उठूं शकतात. उंबरठ्यावरचें भांडण अशा रीतीनें माजघरांत पोहोंचतें.

येथवर ऐकून मी म्हणालों, "म्हणजे भिंत वैरीणच म्हणावयाची!" माझा विद्यार्थी हंसला. म्हणाला, "गुरुजी, आपण पुन्हां घाई करतां आहां."

खरी गोष्ट अशी कीं, हेंच उत्तर कांहीं वेळां औषधाचें काम करतें. कडेच्या प्लाझ्माची जीभ चुंबकाच्या पकडींतून बाहेर लवलवूं लागते, तेव्हां तिच्या एका बाजूस धन व दुसऱ्या बाजूस ऋण विद्युत् सांचते, आणि तें सांचणेंच तिला पुढें रेटतें. चुंबकरेषा धातूच्या भिंतीवर येऊन टेकत असतील, तर हें सांचलेलें विद्युत् भिंतींतून वाट काढून फिटूं शकतें. मात्र मधला कोश त्या वाटेवर अडसर घालतो. भिंत सढळ हातानें इलेक्ट्रॉन देत असेल तर अडसर सैल होतो आणि जीभ आवरते. दुसरेंही एक आहे. १९९० सालीं बर्क, र्‍यूतोव्ह व त्सिदुल्को यांनीं दाखविलें कीं, धातूच्या भिंतीवर टेकलेल्या प्लाझ्मांत एक भाग उष्ण व शेजारचा थंड असला, तर तेवढ्यानेंही अस्थिरता उत्पन्न होते. याचें मूळ कोशाच्या त्या तिपटीच्या नियमांत आहे: जेथें उष्णता अधिक तेथें दाबही तिपटीनें अधिक, आणि शेजाऱ्याशेजाऱ्यांत विद्युद्दाबाचा फरक पडतो. भिंतीच्या उत्तरानें तिपटीचें एकपट झालें, म्हणजे हा फरकही त्या मानानें उतरतो. एकीकडे उष्णतेची गळती, दुसरीकडे खळबळीचें शमन. कोणतें पारडें जड होईल हें यंत्राची घडण, भिंतीचा धातु आणि कडेची उष्णता पाहून प्रत्येक ठिकाणीं निराळें ठरवावें लागतें.

म्हणून भिंतीला मुकी करण्याच्या प्रयत्नांबरोबरच तिनें किती बोलावें हें ठरविण्याच्या युक्त्या निघाल्या आहेत. सैबेरियांत नोवोसिबिर्स्क येथील बुडकर संस्थेंत दोन्ही तोंडें उघडीं असलेली एक सरळ चुंबकीय बाटली आहे. तोंडांशींच भिंत असती, तर तींतून निघालेल्या थंड इलेक्ट्रॉनांनीं आंतला अग्नि निवविला असता. म्हणून तेथें चुंबकरेषा तोंडाबाहेर पिसाऱ्याप्रमाणें फांकवून मग भिंतीवर टेकविल्या आहेत. फांकलेल्या जागीं चुंबक दुबळा असतो. तेथून निघालेल्या इलेक्ट्रॉनास आंत यावयाचें तर वाढत्या चुंबकशक्तीचा चढ चढावा लागतो, आणि बहुतेक अर्ध्या वाटेवरून परत फिरतात. या यंत्रांत सूक्ष्मलहरींनीं तापवून इलेक्ट्रॉनांची उष्णता पूर्वीच्या तिप्पट, म्हणजे सुमारें ७५ लाख अंश झाल्याचें २०१५ सालीं प्रसिद्ध झालें. अशा उघड्या बाटलींत एवढी उष्णता टिकणार नाहीं, अशी पुष्कळांची समजूत होती.

टोकामाक म्हणजे कड्याच्या आकाराचें यंत्र. त्यांत चुंबकरेषा भिंतीला अगदीं तिरप्या, थोड्याशा अंशांच्या कोनांत भेटतात. त्यामुळें निघालेले पुष्कळसे इलेक्ट्रॉन पहिल्याच गिरकींत पुन्हां भिंतीवर आपटतात. तिसरी युक्ति पृष्ठभागाची. हेलियमाच्या माऱ्यानें टंगस्टनावर बारीक लंव उगवते. मखमलीसारख्या त्या लंवेंत निघालेले इलेक्ट्रॉन गुरफटून राहतात. गुळगुळीत टंगस्टनाच्या मानानें अशा पृष्ठभागाचें उत्तर ४० टक्क्यांहूनही अधिक घटतें, असें २०१६ सालच्या प्रयोगांत आढळलें.

हा नुसता पंडितांचा खेळ नव्हे. फ्रान्समध्यें कादाराश येथें अनेक राष्ट्रें मिळून 'इटर' नांवाचें प्रचंड टोकामाक उभारीत आहेत. त्यांत आपला देशही भागीदार आहे, आणि त्याचें बाहेरचें अवाढव्य शीतपात्र पुरविण्याचें काम भारतानेंच केलें. त्या यंत्राची आंतली भिंत बेरिलियम या धातूची करावयाचें ठरलें होतें; २०२३ सालीं तो बेत बदलून टंगस्टन योजण्याचें ठरलें. लाखों अंशांचा शेजार सोसावयास कोणती भिंत निवडावी आणि ती काय उत्तर देईल, या प्रश्नांवर आतां राष्ट्रांचा पैसा आणि अनेकांचीं आयुष्यें लागलेलीं आहेत.

हें सर्व मी उत्साहानें आमच्या कुटुंबास सांगत होतों. तिनें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यांत ताक ठेवलें तर काय होतें?" मी म्हणालों, "कळकतें." ती म्हणाली, "मग भांड्याचा गुण आंतल्या पदार्थाला लागतो हें कळावयास तुम्हांला एवढीं वर्षें कां लागलीं? कल्हईवाल्याला हांक मारणाऱ्या कोणत्याही बाईनें तें सांगितलें असतें." यावर मजजवळ उत्तर नव्हतें. तुपाच्या पंडिताला मीं वर्गांत हंसविलें; पण निदान त्यानें शंका आली म्हणून पात्र उपडें करून पाहिलें. मीं एका मुलाची शंका पाहिल्यावांचूनच खोडली.

शिक्षकाच्या चुका विहिरींत पडलेल्या दगडासारख्या असतात. वरून कांहीं दिसत नाहीं, पण बुडाशीं असतात. ज्यांनीं माझ्या वर्गांत तें वाक्य उतरून घेतलें, त्यांनीं आपल्या वहीवर, वही नसल्यास मनांत, काट मारावी अशी माझी विनंति आहे. त्या विद्यार्थ्यास मीं पत्र लिहून कळविलें आहे कीं, तुझा अर्धा गुण परत दिला आहे. त्याचें उत्तर परवांच आलें. तो लिहितो, "गुरुजी, कृपा. परंतु मीं तेव्हां नुसता तर्क केला होता. भिंतीचें उत्तर केव्हां तारतें आणि केव्हां बुडवितें हें आम्हांला अजून पुरतें सांगतां येत नाहीं. सबब तूर्त पाव गुणच द्यावा."

मीं पाव गुण मांडून ठेविला आहे. उरलेला पाव त्याच्याकडून हिशेब आल्यावर देईन.